माहेराशी फितूर

आमच्या सासूबाईंचं नाव झुंबरबाई. हे नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण ज्याने ठेवलं त्याने पुढचा विचार केला नव्हता. लग्न होऊन त्या मंगळवार पेठेत दोन खोल्यांच्या घरात आल्या, आणि तिथल्या पत्र्याला साधा पंखा टांगायचा म्हटलं तरी आधी लाकूड ठोकावं लागायचं. मी त्यांना आत्ती म्हणते. सुना पाठीमागे सासूचं काय काय सांगतात. मीही सांगितलंय, नाही असं नाही. आमटीत मीठ कमी पडलं म्हणून माझ्यादेखत माझ्या आईला फोन लावणारी बाई आहे ही. पण आज जे सांगणार आहे ते छाती पुढे काढून सांगणार आहे. ज्याला पटणार नाही त्याने माझ्या पार्लरमध्ये येऊन समोरासमोर बोलावं.

सासरे ज्ञानू, मी त्यांना फोटोतच पाहिलेले, दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर होते. पेठ वडगावच्या फाट्यावर उलट्या बाजूने आलेल्या ट्रकने टँकरला धडक दिली आणि ते जागीच गेले. माझा नवरा सयाजी तेव्हा शाळेत होता. आत्तींनी दिवस घातले आणि लगेच खानावळीत भाकऱ्या थापायला जाऊ लागल्या. त्या भाकऱ्यांवर सयाजी आयटीआय झाला, उद्यमनगरात लेथवर लागला आणि मग मी सून म्हणून आले.

अपघाताच्या भरपाईची केस चालवली विजयसिंहांनी. हे आत्तींचे चुलतभाऊ. आत्तींचं माहेर आजऱ्याकडचं. आईवडील लहानपणीच गेले, सख्खा भाऊ नाही, म्हणून चुलत्याचं घर तेच त्यांचं माहेर. विजयसिंह आणि त्यांचा धाकटा भाऊ उदयसिंह, दोघेही कोल्हापुरात वकील. जिल्ह्यातल्या निम्म्या अपघातांची भरपाई यांच्याच हातून जायची. ताराबाई पार्कात बंगला, दारात गाड्या, लग्नाकार्यात पुढच्या रांगेतल्या खुर्च्या. आत्तींना त्याचा भारी अभिमान. खानावळीत कुणी कोर्टाचं नाव काढलं की ह्या परातीतून हात न काढता म्हणायच्या, "आमचा दादा हाय की."

दर भाऊबीजेला त्या माहेरी जायच्या. विजयसिंहही त्या दिवशी गावी येऊन ओवाळून घ्यायचे आणि ताटात साडी घालायचे, तीसुद्धा चांगली भारीतली. भरपाईचं विचारलं की म्हणायचे, "केस वर गेलीया, झुंबर. विमा कंपनी दाद देत न्हाय. मी हाय न्हवं?" एवढ्यावर आत्ती खूश होऊन परत यायच्या. मी एकदा म्हणाले, एवढी वर्षं केस चालते होय? तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हातातलं पातेलं घेऊन मुकाट्याने मोरीत गेले.

मग जयसिंगपूरच्या मदिनाबींचं प्रकरण निघालं. त्यांचेही मालक असेच अपघातात गेलेले आणि वकील हेच. त्यांचा मुलगा वसीम थेट विमा कंपनीत जाऊन चौकशी करून आला, तर कंपनीने पैसे कधीच भरले होते आणि मदिनाबींच्या नावावर ते कुणीतरी उचललेही होते. वसीमने पोलिसांत तक्रार दिली. मग एकेक घर उघडं पडत गेलं. सगळ्या विधवा नाहीतर म्हातारे आईबाप, आणि सगळ्यांना एकच उत्तर मिळालेलं, केस वर गेली आहे. आमच्याही दारात पोलीस आले. सासऱ्यांची भरपाई सयाजी आठवीत असतानाच मंजूर झाली होती आणि ती दादांनी खाल्ली होती.

आत्तींनी जबाब दिला. जे घडलं तेच सांगितलं, पैसे मिळाले नाहीत आणि दादा म्हणाले केस चालू आहे. दोघे भाऊ अटकेत गेले आणि जामिनावर सुटलेही. फसवणूक आणि अपहाराचा खटला कसबा बावड्याच्या कोर्टात उभा राहिला.

पैसेवाल्यांचा खटला कसा चालतो ते मी तिथे पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. साक्षीदार एकेक करून पिंजऱ्यात यायचे आणि म्हणायचे, आठवत नाही. कुणी म्हणायचं, पैसे मिळाले होते, मीच विसरलो. बाहेर येऊन नव्या मोटरसायकलवर बसून जायचे. मदिनाबी ठाम राहिल्या, पण एकट्या. सरकारी वकील प्रियदर्शनी मॅडम आम्हाला म्हणाल्या, "मदिनाबींचं वकिलांशी वैर आहे, असं ते म्हणणार. पण बहिणीचं भावाशी काय वैर? सगळं आता तुमच्या साक्षीवर आहे."

हे तिकडेही कळत होतं. म्हणूनच एका रविवारी माहेरहून केरबा तात्या आले. गावातलं वडीलधारं माणूस, भावकीतलं. चहा घेतला, माझ्या चहाला बरा म्हणाले आणि मग मुद्द्यावर आले.

"झुंबर, तुझं समदं पैसं याजासकट देतो म्हणतोय इजयसिंग. तू फकस्त आठवत न्हाय म्हणायचं."

"आठवतंय की तात्या," आत्ती म्हणाल्या.

"आगं, घरातलं भांडण कोर्टात कशाला? उद्या त्यो आत गेला तर तुला गावात कोण ये म्हणंल? माहेराशी फितूर हुतीस व्हय?"

आमच्या कोल्हापुरात शिवी दिलेली माणूस विसरतं, पण फितूर म्हटलेलं विसरत नाही. इथल्या शेंबड्या पोरालासुद्धा फितुराचं काय करायचं असतं ते शाळेत जायच्या आधी माहीत असतं. आत्तींचा चेहरा उतरला. तात्या गेल्यावर सयाजी म्हणाला, "आई, पैशाचं मरू दे. आमी मिळवतोय न्हवं? पर माहेर तुटलं तर तुला सोसंल का?" त्या उठून तात्यांची कपबशी मोरीत ठेवून आल्या. मला मात्र दिसत होतं की या बाईकडे स्वतःचं म्हणून जगात एवढं एकच घर आहे, आणि तेच कुणीतरी पणाला लावून गेलंय.

साक्षीच्या तारखेला आमच्या आधी एका गृहस्थाची साक्ष झाली. त्यानेही पोलिसांना दिलेला जबाब फिरवला. प्रियदर्शनी मॅडम उठून म्हणाल्या, साक्षीदार फितूर झाला आहे, तसं जाहीर करावं. दारापाशी बसलेल्या आम्हाला ते ऐकू आलं. आत्तींनी माझा हात धरला.

"राणी, मॅडम त्याला काय म्हणाली?"

"फितूर. आधी खरं सांगून कोर्टात फिरला की त्याला तसंच म्हणतात."

"हितं बी त्योच शबुद हाय व्हय?"

"व्हय आत्ती."

त्यांनी पदर सारखा केला. "म्हंजी खरं बोलले तर माहेराशी फितूर, आन खोटं बोलले तर हितं फितूर. फितूर तर म्हणवून घ्यायचंच हाय. मग मालकाशी तरी फितूर हुयाला नगं." मालक म्हणजे आमचे सासरे. एवढं बोलून त्या पुकारा होण्याची वाट बघत बसल्या. मी त्यांचा हात सोडला नाही.

पिंजऱ्यात गेल्या गेल्या आत्तींनी घोटाळा केला. समोर आरोपींच्या बाकावर विजयसिंह बसलेले. ह्यांनी सवयीने पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि म्हणाल्या, "दादा, बरं हाय न्हवं? वाळलास की रं." अख्खं कोर्ट त्यांच्याकडे बघायला लागलं. मी कपाळाला हात लावला. जज्जसाहेबांनी समज दिली, आरोपीशी बोलायचं नाही. दादांच्या वकिलाला तर आयतंच सापडलं. उलटतपासात त्याने तिथूनच सुरुवात केली.

"तुमचं दादांवर प्रेम आहे?"

"हाय की."

"दर भाऊबीजेला साडी कोण देतं?"

"दादाच. भारीतली देतोय. खोटं कशाला बोलू?"

"मग एवढं करणारा भाऊ बहिणीला फसवेल, हे तुम्हाला तरी पटतं का?"

आत्ती रडतील असं मला वाटलं, पण रडल्या नाहीत. "न्हाईच पटत साहेब," त्या म्हणाल्या. "म्हणून तर इतकी वर्सं इचारलं न्हाय. त्या साड्या माझ्या मालकाच्या मरणाच्या पैशातल्या हुत्या. म्हाईत असतं तर आंगाला लावल्या नसत्या."

त्या वकिलाने कागद खाली ठेवला आणि म्हणाला, आणखी प्रश्न नाहीत. विजयसिंहांनी मान खाली घातली ती आम्ही बाहेर पडेपर्यंत वर केली नाही. मला तिथेच ओरडून सांगावंसं वाटत होतं, ही माझी सासू आहे. ओरडता येत नव्हतं म्हणून शेजारच्या महिला पोलिसाला सांगितलं.

निकालाला बरेच महिने गेले. दोघा भावांना सक्तमजुरीची शिक्षा झाली आणि तिथूनच त्यांना कळंब्याच्या जेलला नेलं. बाहेर मदिनाबी आत्तींच्या गळ्यात पडल्या. वसीम आणि सयाजी पेढे घेऊन आले. आत्तींनी पेढा घेतला नाही. "तुमी खावा," म्हणाल्या. "भाऊ आत गेला त्या दिवशी मला गोड जायाचं न्हाय." सयाजीला राग आला. मला आला नाही.

दुसऱ्या दिवशी उठून बघते तर आत्ती पिशवी भरत होत्या. आजऱ्याला निघाल्या होत्या. काकीकडे, म्हणजे त्या दोघा भावांच्या आईकडे. म्हातारी शहरात कधी राहिलीच नाही, गावच्या घरातच असते. "दोन्ही ल्योक आत गेलं," आत्ती म्हणाल्या, "एकली पडली असंल." मी समजावलं, हाकलून देतील, नको ते बोलतील. त्या ऐकेनात तेव्हा पार्लरला कुलूप लावून मीही एसटीत बसले.

गावात शिरलो तर पारावरची माणसं बोलायची थांबली. केरबा तात्यांनी तोंड फिरवलं. आत्ती नीट चालत गेल्या, पण घरासमोर पोचल्यावर उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. ज्या दारातून त्या इतकी वर्षं न विचारता आत जात होत्या, तिथे आता त्यांचं पाऊल उचलेना. सोप्यात काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"कोण हाय?"

"मी, काकी. झुंबर."

म्हातारीने डोळ्यांवर हात धरून नीट बघितलं. मग म्हणाली, "तुझ्या साक्षीनं आत गेली म्हणत्यात पोरं."

"व्हय काकी."

"कुणी शिकवलेलं बोललीस का खरं?"

"खरं बोलले."

"तुझं पैसं खाल्लं त्यांनी? ज्ञानूचं?"

"व्हय."

काकींनी डोळे पुसले. हाताचा आधार घेऊन नीट बसल्या आणि दाराकडे बघून म्हणाल्या, "मग तू कशापायी भाईर उभी गं? आत ये आन चहा टाक. सकाळधरनं मला कुणी घोटभर चहा दिला न्हाय."