नेवाशात आमचं गाणं संपता संपेना

लोक नेवाशाला देवदर्शनाला जातात. मी गेलो होतो सासरा पटवायला, आणि तोही बँड घेऊन!

एकाहत्तरचा हिवाळा. मुंबईच्या एका स्टुडिओत आम्ही तिघं रेडिओच्या जाहिरातींचं संगीत करायचो. मी अकॉर्डियनवर, पीटर गिटारवर, आणि ढोलकीपासून पत्र्याच्या डब्यापर्यंत दिसेल ते बडवणारा वसंता. चहा, साबण, दंतमंजन, सगळं आमच्याकडे. अख्खा महाराष्ट्र आमच्या सुरांवर दात घासत होता, पण आम्हाला कुत्रंही ओळखत नव्हतं.

एरवी त्याचं काही वाटलं नसतं. पण नगरला मावसभावाच्या लग्नात मला सुमन भेटली. नेवाशाच्या शाळेत मास्तरीण, बोलायला फटकळ. मी जागच्या जागी गार. मागणी घातली, तर तिच्या वडिलांचा, तात्यांचा, निरोप आला, "रेडिओवर नाव न्हाई, पेपरात नाव न्हाई. पोरगं करतं काय, ते आदी डोळ्यानं बघू. मंग बोलू."

झालं! डोळ्यांना दिसायचं तर स्टेजवर जाणं आलं. सुमननं हेडमास्तरांना गळ घालून शाळेच्या पटांगणात कार्यक्रम ठरवला. आम्ही बँड काढला. त्याचं नाव ठरवायला आठवडा घालवला आणि तालमीला दोन संध्याकाळी.

मुंबईहून पहाटेच्या गाडीनं पुणं, तिथून एसटीनं नगर, तिथं गाडी बदलून नेवासा. तिकीट किती पडलं ते विसरलो, पण नगरच्या स्टँडवर कंडक्टरनं अकॉर्डियनची पेटी ठोकून पाहिली ते विसरलो नाही. "ह्यात काय हाय? कोंबड्या?"

"वाद्य आहे."

"मंग लगेज लागंल. कोंबड्या असत्या तर मांडीवर घेतल्या असत्या."

नगर सोडलं की रस्ता सरळसोट, दोन्हीकडे कणसावर आलेली ज्वारी. घोडेगावात जनावरांचा बाजार भरला होता, तिथं आमची एसटी बैलांच्या मर्जीनं पुढं सरकली. नेवासा फाट्यावर उतरून टांगा केला. आता जाल तर रिक्षा मिळेल, पण धूळ तीच. सासऱ्यावर छाप पडावी म्हणून मी पांढरीशुभ्र पँट घालून निघालो होतो. गावात पोचेस्तोवर तिला बाजरीच्या भाकरीचा रंग आला होता.

दुपारी तात्यांकडे भाकरी आणि शेंगदाण्याची झणझणीत आमटी. वसंता पुण्याचा, त्यानं ताकाचं पातेलंच जवळ ओढलं. तात्या सारखे माझ्या पँटकडे बघत होते. जेवणानंतर मी प्रवरेकाठच्या खांबाच्या देवळात, जिथं पसायदान मागितलं गेलं तिथं, जाऊन आलो. शांत, गार जागा आहे, नेवाशाला गेलात तर चुकवू नका. मी मात्र डोळे मिटून माईक बंद पडू नये एवढंच मागितलं. मागायलासुद्धा अक्कल लागते!

उन्हं कलल्यावर कार्यक्रम सुरू झाला. स्टुडिओत आम्ही एका माईकभोवती गोल बसायचो, तसेच स्टेजवर बसलो. पहिली धून अर्धी झाली नाही तोच तात्यांचा आवाज आला, "आरं, तोंड दाखवा की! पाठ बघायला आलो व्हय?" मला तोवर पत्ताच नव्हता की गावाकडे माझी पाठ आहे.

वळून बसलो आणि दंतमंजनाची धून धरली. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, ही तर मंजनाची! ह्यांनीच केली व्हय?" पोरं गायला लागली, बायका हसायला लागल्या, तात्यांनी टोपी सारखी केली. माझी छाती फुगली. म्हटलं, जिंकलं!

आणि तेव्हाच ध्यानात आलं की ह्या धूनला शेवट नाही.

जाहिरातीत थोडं वाजतं न वाजतं तोच निवेदक बोलू लागतो, आणि काचेपलीकडचे रेकॉर्डिंगवाले जोशी बटण पिळून आम्हाला हळूहळू गायब करतात. तालमीतही आम्ही "इथवर ठीक" म्हणून चहाला उठायचो. शेवट म्हणून काही असतो, हे तिघांपैकी एकाच्याही टाळक्यात आलं नव्हतं. मी पीटरकडे पाहिलं, पीटरनं वसंताकडे, वसंतानं माझ्याकडे. आणि पुन्हा पहिल्यापासून!

मी इशारा केला, हळू वाजवा. आम्हीच जोशी होऊ! तर मागून ओरडा, "भोंगा बसला! आवाज वाढवा!" माईकवाल्यानं इमानदारीत आवाज वाढवला. धून पुन्हा फिरली, परत फिरली. एक म्हातारी उठली. "झालं का न्हाई ह्यांचं? मला म्हशीला पानी पाजायचंय." तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. लग्न समोर मोडत होतं आणि माझा भाता चालूच होता. खरं सांगतो, रडू यायचं तेवढं राहिलं होतं.

बायकांतून सुमन उठली. सरळ शाळेच्या ओसरीवर गेली आणि तिथं टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोडा हाणला.

ठण्ण!

आम्ही तिघं जागच्या जागी थांबलो. तिघं एकदम थांबण्याची ती आमची पहिलीच वेळ. शाळा सुटली समजून निम्मी पोरं घराकडे पळाली. पटांगण हसून हसून लोळायचं बाकी राहिलं.

तात्या स्टेजपाशी आले. मी मान खाली घालून उभा.

"काम बघितलं," ते म्हणाले. "पोराला थांबता येत न्हाई. पन आमच्या सुमीला थांबवता येतंय. जमंल."

दुसऱ्या दिवशी शेतात हुरडा, लसणाची चटणी, दही. असा हुरडा पुन्हा कधी खाल्ला नाही, आणि तेवढ्यासाठीच सांगतो, नेवाशाला थंडीतच जा. परतीच्या एसटीत पीटरनं बँड मोडल्याचं जाहीर केलं. कुणीही विरोध केला नाही.

अकॉर्डियनचा भाता केव्हाच फाटला. सुमन मात्र आहे. मी कुणाला नेवाशाची ही गोष्ट सांगायला लागलो की ती ताटावर चमचा हाणते, आणि मी गप्प होतो. आज मात्र ठरवलंय, सगळं लिहायचं. लग्न कसं लागलं, वरातीत पीटरनं काय घोळ घातला, आणि तात्यांनी मला जावई म्हणून पहिल्यांदा हाक

ठण्ण!