कच्चं हाड, पक्कं हाड

आमच्या कुत्रीच्या दातांची वाट लावली ती भक्तांनी. माळव्यातल्या आमच्या शहरात, नानाखेड्याच्या कॉलनीत, प्रत्येक कुत्रं भैरवाचं वाहन समजलं जातं. सकाळी तिला फिरवायला निघालं की कोणी जिलबीचा तुकडा पुढे करायचं, कोणी मूठभर शेव, कोणी क्रीमचं बिस्किट, आणि वर हातही जोडायचं. एकदा मी नको म्हणून बघितलं, तर एका काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढे चार दिवस मी रस्ता बदलून जात होते. पाच वर्षं हा प्रसाद खाऊन तिच्या दाढांवर पिवळंकाळं किटण चढलं आणि तोंडाला असा वास यायला लागला की तिने प्रेमाने जवळ येऊन जांभई दिली की जीव नकोसा व्हायचा.

घरात आम्ही तिघीच. आत्या, म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, वय बहात्तर, मुलींच्या शाळेत जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेली. मी, बँकेतली बदली घेऊन तिच्याकडे राहायला आलेली, पन्नाशीची, एकटी आणि तोंडाने फटकळ. आणि तांबूस रंगाची ही देशी कुत्री. तिला घरी आणली मी, पण महिन्याभरात ती आत्याची झाली. आत्याच्या पलंगाखाली भैरवगढच्या छापाची एक जुनी चादर अंथरलेली असायची, तिच्यावर तिचा मुक्काम. पहिली पोळी तव्यावरून उतरली की ती आत्याच्या हातूनच तिला मिळायची. मी दिलेली पोळी ती हुंगायची आणि आत्याकडे बघायची.

जनावरांच्या डॉक्टरांनी आधी तिला भूल देऊन दात साफ केले. मग मला समोर बसवून म्हणाले, "अब हफ्ते में एक-दो बार मांस लगी हड्डी दीजिए. चबाएगी तो दांत साफ रहेंगे." मी म्हटलं, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. ते हसले. म्हणाले, हड्डी आपको थोड़ी खानी है.

डॉक्टर मोठे शिस्तीचे. प्रत्येक कुत्र्याला हाड चालतं असं नाही, म्हणाले. दात हलत असतील, पोट नाजूक असेल किंवा न चावता गिळायची सवय असेल, तर नाहीच द्यायचं. आमची चावून खाणारी होती, म्हणून परवानगी. हाड तिच्या तोंडापेक्षा मोठं हवं, म्हणजे गिळता येणार नाही. मानेचं चालेल, पायाची नळी नको, तिने दात तुटतात. समोर बसून राहायचं, वीस मिनिटांनी किंवा तुकडा लहान झाला की काढून घ्यायचं, आणि नंतर जागा, भांडं, हात, सगळं साबणाने धुवायचं. हे सगळं सांगून झाल्यावर बोट वर करून म्हणाले, "और कच्ची. पकी हुई हड्डी कभी नहीं. पकने के बाद टूटती है तो सुई बन जाती है, आंत फाड़ देती है."

देवास गेटच्या पलीकडच्या एका गल्लीत मला दुकान सापडलं. पहिल्या दिवशी मी ओढणीने तोंड झाकून गेले, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून. दुकानदाराने विचारलं, करी कट करूं? मी म्हटलं, नाही, बकऱ्याची मान, मोठे तुकडे, कुत्रीसाठी. तेव्हापासून मी लांबून दिसले तरी तो सुरी उचलायचा.

घरात मात्र मी एक तह केला. हाड स्वयंपाकघरात येणार नाही. जिन्याखालच्या जुन्या लहान फ्रिजमध्ये निळ्या डब्यात राहील, गच्चीवरच द्यायचं आणि गच्चीचं दार आतून लावून घ्यायचं. आत्याला काही बघावं लागू नये, वास येऊ नये, हा माझा चांगुलपणा. मी गच्चीवर गेले की आत्या खाली रेडिओ लावायची. असे आठ महिने गेले. कुत्रीचे दात पांढरे झाले, तोंडाचा वास गेला, आणि आत्याने एकदा तिचा जबडा उघडून पाहून म्हटलं, "अरे वा, आता तर जाहिरातीत घेतील हिला."

मग बँकेने मला चार दिवस भोपाळला ट्रेनिंगला पाठवलं. मधे हाडाचा एक दिवस येत होता. मी म्हटलं, या वेळी राहू दे. एखाद्या दिवशी हाड नसतं मिळालं तर तिचं काहीही बिघडणार नव्हतं. पण आत्या म्हणाली, "ती गच्चीच्या दारासमोर बसून राहते नं त्या दिवशी. मी देईन. तू फक्त सांगून ठेव." जन्मात मांसाकडे न पाहिलेल्या बाईने हे म्हणणं केवढं होतं, हे माझ्या तेव्हा ध्यानातही आलं नाही. मी बॅग भरत होते. चेन लावता लावता सांगितलं, "आदल्या रात्री निळा डबा बर्फाच्या कप्प्यातून खाली काढून ठेव. समोर बस, घड्याळ बघ, उरलेलं काढून घे. आणि कच्चंच द्यायचं हं आत्या. पक्कं बिलकुल नाही."

"कच्चंच," ती म्हणाली. "समजलं. तू चिंता नको करूस."

परत आले त्या दुपारी कुत्री दाराशी आली नाही. ती चादरीवर पाठीची कमान करून उभी होती, बसवत नव्हतं तिला. दोन दिवस उलट्या होत होत्या, शी होत नव्हती, नुसती कुंथत होती. आत्या म्हणाली, "मी दवाखान्यात फोन केला होता, डॉक्टर बाहेरगावी होते, आज येऊन राहिले आहेत. तुला ट्रेनिंगमधे कशाला त्रास द्यायचा म्हणून..." मी पुढचं ऐकलंच नाही. मला मागच्या अंगणात एक नवी कोरी ॲल्युमिनियमची पातेली दिसली, धुऊन उपडी घातलेली. शेजारी जुनी गॅसची शेगडी. मी पातेलीकडे बोट दाखवून विचारलं, "हाड शिजवलंस?"

ती म्हणाली, "हो, म्हणजे..."

तिला मी बोलू दिलं नाही. म्हटलं, "इतकं सांगून गेले होते. एक दिवस किळस बाजूला ठेवता आली नाही तुला? तुझं सोवळं माझ्या कुत्रीच्या जिवावर उठलं."

आत्याचा चेहरा एकदम रिकामा झाला. वर्गात खोड्या करणाऱ्या मुलींना एका नजरेत गप्प करणारी ही बाई, पण तिने माझ्याकडे पाठ फिरवली. आत जाऊन साडीवर शाल घेतली आणि रिक्षा बोलवायला फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली.

रिक्षात कुत्रीचं डोकं आत्याच्या मांडीवर होतं. दवाखान्यात एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला तेव्हा मला न सांगताच कळलं. आतड्यात तुकडे होते, पांढरे, टोकदार, एकाला एक अडकलेले. म्हणाले, पोट उघडावं लागेल, आत्ताच, आणि आतडं किती फाटलंय ते उघडल्यावर कळेल. वाचेलच असं ते म्हणाले नाहीत.

तयारी चालू असताना त्यांनी विचारलं, "हड्डी पकाकर दी थी?"

मी तोंड उघडायच्या आत आत्या पुढे झाली. "नहीं डॉक्टर साहब," ती म्हणाली. "कच्ची ही दी थी. तेल की एक बूंद नहीं डाली, घी नहीं डाला, तड़का नहीं दिया. सिर्फ पानी में उबाली, दो घंटे. नई पतीली में. खाते वक्त सामने बैठी थी, घड़ी लेकर."

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. ते मूळचे या भागातले नव्हते, त्यांना काही उमगलं नाही. मला मात्र उमगलं.

आमच्या माळव्यात जेवण दोन प्रकारचं. कच्चं आणि पक्कं. कच्चं म्हणजे पाण्यात शिजलेलं किंवा तव्यावर भाजलेलं, वरण, भात, पोळी. पक्कं म्हणजे तुपातेलात तळलेलं, पुरी, कचोरी. लग्नाचं आमंत्रण आलं की आम्ही पिढ्यान्‌पिढ्यांचे इथले मराठी लोकसुद्धा विचारतो, जेवण कच्चं आहे की पक्कं? मीच शंभरदा विचारलंय. आत्या बहात्तर वर्षं स्वयंपाकाच्या बाबतीत हे शब्द याच अर्थाने वापरत आली. डॉक्टरांचं हिंदी मी घाईघाईत माझ्या धेडगुजरी मराठीत ओतलं. "न शिजवता" हे दोन साधे शब्द माझ्या तोंडी आले असते तर पुढचं काहीच झालं नसतं. आणि ती बाई, जिच्या सोवळ्यावर मी खापर फोडलं, तिने नवी पातेली आणून, नाकाला पदर बांधून, आयुष्यात पहिल्यांदा मांस हातात धरलं होतं. दोन तास त्या वासात उभी राहिली होती. माझ्या शब्दाला शब्द जुळवून तिने सगळं केलं होतं.

आणि तिने गच्चीवर कधी पाहिलं असतं तर? तिला कळलं असतं. पण दार मी लावलं होतं.

कुत्री वाचली. आतड्याचा बोटभर भाग कापून टाकावा लागला, पाच दिवस सलाइन, नंतर तीन आठवडे नुसती पेज. रोज संध्याकाळी आम्ही दोघी दवाखान्यात जायचो. आत्या तिच्या पिंजऱ्याजवळ बसायची, पण हात लावायची नाही. घरी आणल्यावरही नाही. पेज ती करायची, निववायची, वाटीत ओतायची, आणि मला हाक मारायची, "अगं, हिला घालून दे." पुढे पोळी सुरू झाली, तरी तेच. कुत्री तिच्या पायाशी बसून तिच्या हाताकडे बघत राहायची आणि आत्या पोळी ओट्यावर ठेवून बाहेर निघून जायची. ते बघणं मला त्या एक्स-रेपेक्षा जड गेलं. मी माफी मागायला दोनदा सुरुवात केली. दोन्ही वेळा ती म्हणाली, "गॅसवर दूध आहे." दूध नव्हतं.

दीड महिन्याने डॉक्टर म्हणाले, जखम भरली, आता द्यायचं तर हाड देऊ शकता, छोट्या प्रमाणात सुरुवात करा. मी घरी येऊन सांगितलं, पुन्हा या घरात हाड येणार नाही.

"का?" आत्या म्हणाली. "चूक हाडाची होती का?"

तीच पुढे म्हणाली,

"आण. आणि मला दाखव."

रविवारी सकाळी आम्ही तिघी गच्चीवर गेलो. आत्याने खुर्ची नेली नाही, उभीच राहिली. मी मानेचा तुकडा ताटलीत ठेवला, लाल, ओला, थंड. तिने पदर नाकाला लावला, पण नजर हटवली नाही. कुत्रीने हाड पंजात धरलं आणि बाजूच्या दाढांनी मांस खरवडायला लागली. हळूहळू, मान तिरकी करून. आत्या वर्गात विचारावेत तसे प्रश्न विचारत होती. एवढं मोठं का? कुठून चावते ती? तुटत का नाही हे? मी सांगत होते. कच्चं हाड दातांखाली दबतं, त्याचं भुसकट होतं. शिजलं की त्यातली ओल जाते, मग ते तडकतं. वेळ झाली तेव्हा मी पनीरचा तुकडा दाखवून हाड काढून घेतलं, फरशी धुतली, हात धुतले.

"इतकंच?" आत्या म्हणाली.

"इतकंच."

"मग आठ महिने दार का लावत होतीस?"

"तुला किळस येईल म्हणून."

"आली की. मग काय झालं?"

मी म्हटलं, "आत्या, त्या दिवशी मी तुला जे बोलले..." आणि या वेळी तिने दुधाचं नाव काढलं नाही. माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "तुला खरंच वाटलं, मी माझ्या सोवळ्यासाठी हिला मरू दिलं असतं?"

खोटं बोलता आलं असतं. रागात तोंडातून गेलं, असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "हो. तेव्हा खरंच वाटलं."

तिने मान हलवली. "बरं झालं सांगितलंस," म्हणाली आणि जिना उतरून गेली.

त्या दुपारी तिने पहिली पोळी मोडून कुत्रीला आपल्या हाताने भरवली, घास घास, सगळी संपेपर्यंत. माझ्याशी मात्र ती पुढे चार दिवस बोलली नाही, आणि ते बरोबरच होतं.