घरी टोचलेली सुई

“मी सांगितलं आणि तू टोचून मोकळी झालीस? तुला तोंड नव्हतं विचारायला?” सासूबाईंचा आवाज स्वयंपाकघरातून थेट जिन्यापर्यंत जात होता.

“विचारलं होतं ना, आई! तुमच्यासमोरच विचारलं, ‘काकू, हे इंजेक्शन आधी घेतलंय का?’ त्यांनी तोंड उघडायच्या आत तुम्हीच म्हणालात, ‘घेतलंय गं, मागच्याच महिन्यात. मी स्वतः कुपी बघितली तिच्या हातात.’”

“म्हणजे आता खापर माझ्या डोक्यावर!”

“हळू बोला दोघी,” नवऱ्यानं खिडकी लावून घेतली. “भिंतींना नुसते कान असते तर चाललं असतं, आपल्या भिंतींना तोंडंही आहेत.”

सिस्टर स्टुलावर बसली होती. दोन्ही हात तिनं मांड्यांखाली दाबून धरले होते. वॉर्डात याच हातांनी तिनं तान्ह्या बाळांच्या केसाएवढ्या शिरा पहिल्या झटक्यात शोधल्या होत्या.

घरातही तिला सिस्टरच म्हणायचे. ती लग्न होऊन आली तेव्हा मात्र सासूबाईंनी नाक मुरडलं होतं. रात्रपाळीची सून म्हणजे घरी दिवसा झोपणारी सून, असं त्यांचं गणित. मग एकदा समोरच्या आजोबांच्या जखमेचं ड्रेसिंग सुनेनं घरीच करून दिलं. आजोबांनी अख्ख्या इमारतीत तिचं कौतुक केलं आणि सासूबाईंच्या जिभेला त्या कौतुकाची चव लागली. तेव्हापासून त्या ज्याला त्याला सांगायच्या, “दवाखान्यात कशाला ताटकळता? आणा इकडे. आमच्या सिस्टरचा हात इतका हलका, टोचून झाल्यावर माणूस विचारतो, कधी टोचताय?” माणसं येऊ लागली. कोणी डॉक्टरची चिठ्ठी आणायचं, कोणी नुसतीच कुपी. सुरुवातीला सिस्टर कुरकुरायची. पण दारात आलेल्या माणसाला सासूबाईंनी चहा दिलेला असायचा, आणि चहा पिऊन झालेल्या माणसाला परत कसं पाठवायचं?

नर्सिंगच्या शाळेत त्यांना कायदा शिकवायला एक जाड्या बाई होत्या. टेबलावर डस्टर आपटून त्या म्हणायच्या, “सुई तुमच्या हातात, तर जबाबदारीही तुमच्याच हातात. ‘मला असं सांगितलं होतं’ हे उत्तर घरी सासूला द्या. कोर्टात चालायचं नाही.” सगळ्या मुली खो खो हसायच्या. सिस्टरही हसली होती.

वॉर्डात ती कोणाचं ऐकून सुई भरत नसे. पेशंटला स्वतः विचारायची, सोबतचा नातेवाईक मधे बोलला तर म्हणायची, “तुम्ही थांबा, त्यांना बोलू द्या.” हे पेनिसिलिनचं इंजेक्शन असेल तर आधी हातावर थेंबभर टोचून, वाट बघून, मगच पुढे. आज सकाळी मात्र ती घरात होती. घरात सासूबाई बोलल्या की विषय संपायचा. इतकी वर्षं तसंच चाललं होतं, त्यामुळे काकूंचं उत्तर राहूनच गेलं हे तिच्या लक्षातही आलं नाही.

खालच्या मजल्यावरच्या टेलरकाकू घसा धरून आल्या होत्या. गिळता येत नव्हतं, बोलणंही जड. सिस्टरनं पावडरमध्ये पाणी मिसळलं, कुपी हलवली, आतल्या खोलीत नेऊन टोचलं. काकू जिना उतरायच्या आतच कठड्याला धरून खाली बसल्या. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास शिटीसारखा वाजायला लागला. तिनं आणि टेलरकाकांनी त्यांना उचलून गाडीत घातलं आणि तिच्याच हॉस्पिटलात नेलं.

तिथल्या तरुण डॉक्टरनं हात चालवता चालवता विचारलं, “काही औषध घेतलं होतं का?”

टेलरकाकांनी एकदा सिस्टरकडे पाहिलं. निघताना सासूबाईंनी जिन्यात त्यांच्या कानात काय सांगितलं होतं ते तिला तेव्हा कळलं. “औषध नाही हो,” ते म्हणाले. “बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल.”

आणि सिस्टर, हाच प्रश्न दिवसातून कितीदा तरी विचारणारी, फरशीकडे बघत राहिली. वर डॉक्टर म्हणाला, “सिस्टर, तुम्ही होता म्हणून वेळेत आल्या.” त्या शाबासकीवरही तिनं नुसती मान हलवली.

काकूंचा श्वास मोकळा झाल्यावरच ती घरी आली होती, आणि आल्या आल्या म्हणाली होती, “मला सांगायला हवं.” तिथूनच सगळं पेटलं.

“सांगून काय होणार?” नवरा आता समजुतीच्या सुरात आला. “बाई वाचली. ज्याची बायको, त्याची तक्रार नाही. मग तू स्वतःच्या पायावर धोंडा का पाडून घेतेस? नोंदणी जाईल, नोकरी जाईल. पोलीस दारात आले तर?”

पोलीस या शब्दासरशी तिच्या कानात गरम वाफ भरल्यासारखं झालं. तिला मेट्रनबाईंचं टेबल दिसलं, त्यापुढे उभी असलेली ती स्वतः दिसली. वॉर्डातल्या बायका कुजबुजताना दिसल्या. मग काकूंचे ओठ दिसले.

“त्यांना कशानं झालं हे तिथे कोणालाच माहीत नाही,” ती म्हणाली. “पुन्हा कोणीतरी तेच देईल.”

“देईल तेव्हा देईल. जगात एवढी औषधं आहेत, नेमकं तेच कशाला देतील?” सासूबाई म्हणाल्या. आवाज चढा होता, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळून गुंडाळून बोट पांढरं पडलं होतं. त्याही घाबरल्या होत्या, हे सिस्टरला तेव्हा दिसलं. त्यांच्या भीतीनं तिची भीती कमी झाली नाही. उलट घरात धरायला कोणीच उरलं नाही असं वाटलं.

दार वाजलं. तिघंही दचकली. नवऱ्यानं फटीतून पाहिलं, मग दार उघडलं.

टेलरकाका होते. गळ्यात मोजपट्टी तशीच लोंबत होती. सकाळपासून काढायची राहिली असावी. “पांघरूण न्यायला आलो होतो. म्हटलं, सिस्टरला सांगून जावं. आता बरी आहे. बोलली. मलाच ओरडली, म्हणजे बरीच आहे.”

सासूबाई लगबगीनं म्हणाल्या, “बसा ना. चहा टाकते.”

“नको, संध्याकाळचं इंजेक्शन द्यायच्या आत मला तिथे पोचायचंय. घाबरते हो ती. आज सकाळपर्यंत जन्मात कधी सुई घेतली नव्हती तिनं.”

सिस्टर उठून उभी राहिली. “कधीच नाही? मग मागच्या महिन्यात?”

“ते माझं होतं. पाय पिकला होता ना माझा. कोपऱ्यावरच्या कंपाउंडरकडे घेत होतो. कुपी आणून द्यायची ती. एक उरली होती, तीच आज तुमच्याकडे आणली.” ते जरा ओशाळून हसले. “वाया कशाला घालवायची, म्हणाली.”

सासूबाई ओट्याला टेकल्या.

“आणि संध्याकाळी कसलं इंजेक्शन आहे?” सिस्टरचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला.

“घशाचंच. डॉक्टर म्हणाले, घशात पू आहे, सुया सुरू करतो. कुपी पण आणून ठेवलीये. तसलीच, पांढऱ्या पावडरची.”

नवऱ्यानं टेलरकाकांच्या मागून तिला नको, नको अशी मान हलवली. तिनं फोन उचलला. पहिल्यांदा नंबर चुकला, कारण बोट घसरलं. दुसऱ्यांदा वॉर्डातून आवाज आला.

“मी बोलतेय,” तिनं आपली ओळख सांगितली. “सकाळी ज्यांना श्वासाचा त्रास झाला त्या बाई आहेत ना, त्यांना पेनिसिलिन देऊ नका. सुई भरली असेल तर टाकून द्या. डॉक्टरांना आत्ता सांगा.”

पलीकडची नर्स म्हणाली, “ॲलर्जी आहे? तुम्हाला कोणी सांगितलं?”

सिस्टरनं डोळे मिटले.

“कोणी सांगितलं नाही. सकाळी मीच दिलं होतं.”

ती नर्स म्हणाली, “थांबा, डॉक्टरांना सांगून येते.” सिस्टर फोन कानाला लावून उभी राहिली. दुसऱ्या हातानं तिनं टेबल धरलं. सुई भरली होती, टोचली नव्हती. एवढं ऐकल्यावरच तिनं फोन ठेवला.

टेलरकाका तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत होते. “म्हणजे तेच? सिस्टर, मी तर तिथे खोटं…”

“तुमच्याकडून ते वदवून घेतलं आम्ही, काका. आणि मी गप्प बसले.”

“अगं, आता कळलं ना त्यांना? झालं की काम!” नवरा पुढे झाला. “आता कशाला जातेस? दोन दिवस जाऊ देत, एखाद्या वकिलाला विचारू…”

तिनं चपला घातल्या. भीती तसूभरही कमी झाली नव्हती. पट्टा अडकवताना दोनदा निसटला.

“मी काकांबरोबर हॉस्पिटलला जातेय,” ती म्हणाली. “डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय दिलं, टेस्ट न करता दिलं आणि विचारल्यावर गप्प बसले, हे सगळं डॉक्टरांना आणि मेट्रनबाईंना सांगणार आहे. आजपासून या घरात मी कोणालाही सुई टोचणार नाही. माझी वाट बघू नका, जेवून घ्या.”