सारवलेल्या अंगणात उमटलेली चाकं

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. भानामतीचे किस्से कुणी काढले की मी चहा अर्धा टाकून उठतो. पंचवीस वर्षं बस स्थानकावर कंट्रोलर आहे... जी गाडी डोळ्यांना दिसत नाही तिची घोषणा करायची नाही, हा आमचा धर्म. अंधारात मांजराला घाबरतो, हे खरं. पण मांजर तरी खरं असतं.

तरीही हे लिहितोय. भीतीपोटी नाही – संतापानं.

आमचं गाव परंडा तालुक्यात, सोनारीच्या जवळ. शुभांगी माझी पुतणी, थोरल्या भावाची एकुलती एक. लहानपणी तापात पाय गेले, तेव्हापासून चाकाची खुर्ची. भावाची मेंढरं, त्यामुळं पोरीचा जीव गवतात. गवताळ रानांवर एम.एस्सी. केली आणि मागच्या वर्षी स्कॉटलंडच्या एका विद्यापीठात वर्षभराच्या अभ्यासक्रमाला तिची निवड झाली, शिष्यवृत्तीसकट.

शेजारचे पांडूतात्या लगेच हजर. "पायानं अधू लेकराला कशापायी धाडता एवढ्या लांब?"

शुभांगी म्हणाली, "तात्या, तुमचे दोन्ही पाय लई धड हायत. बार्शीच्या पुढं कवा गेलात?"

तात्या आठ दिवस आमच्याकडं चहाला फिरकले नाहीत.

पुढचे हाल काय सांगू! अपंगत्वाचा दाखला द्यायचं ऑफिस वरच्या मजल्यावर, अन् लिफ्ट न्हाय. "पेशंटला वर आणा," म्हणे. मी पाठ वाकवून उभा राहिलो तर पोरगी मलाच ओरडली, "काका, मी काय पोतं हाय का?" जिन्याखाली बसून तिनं इतके फोन लावले की शेवटी साहेब बेजार होऊन स्वतः शिक्का घेऊन खाली आला.

मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या माणसानं मला विचारलं, "इनको थोड़ा चलना आता है क्या?"

"मला विचारा ना," शुभांगी म्हणाली. "मला बोलता येतं."

त्यानं परत माझ्याकडंच बघितलं. तिला दुसऱ्या खुर्चीत बसवलं आणि तिच्या खुर्चीला चिठ्ठी बांधून आत नेली. "एकदम सेफ, अंकल." मी मूर्ख, त्याला दोनदा थँक्यू म्हणालो.

आता मुद्द्याचं. आमच्याकडं माणूस लांबच्या वाटेला लागलं की ते ठिकाणावर पोचेपर्यंत अंगण झाडायचं-सारवायचं नाही. वाट पुसली जाते म्हणतात. मी यावर नेहमी हसायचो. वहिनीनं मात्र दोन दिवस झाडूला हात लावला नाही. मंगळवारी सकाळी शुभांगीचा फोन आला – "आई, पोचले. सगळं ठीक." मग वहिनीनं शेण कालवून दुपारपर्यंत अख्खं अंगण सारवलं.

मंगळवारचीच गोष्ट, दुपारचे दोन. लख्ख ऊन. वहिनी उंबऱ्यात लसूण सोलत होती. चहा ठेवायला आत गेली, आणि पाच मिनिटांत तिची हाक आली, "भावजी, हिकडं या!"

ओल्या सारवणावर दोन चाकांच्या रेघा. उंबऱ्याजवळच्या उतारापासून थेट फाटकापर्यंत. माणसाचं पाऊल – एकही नाही.

मी आधी तात्यांवर आळ घेतला. "तुमची हातगाडी घातलीत का अंगणात?"

"आरं, माझी गाडी दिवाळीपासून पंक्चर पडलीय!" तात्या म्हणाले, आणि रेघा बघून दोन पावलं मागं सरले. मी वाकलो. डावीकडच्या रेघेत ठराविक अंतरावर एक आडवी वळी उमटलेली. शुभांगीच्या खुर्चीचं डावं टायर फाटलं होतं, त्याला परंड्यात सायकलच्या टायरचा तुकडा मीच बसवून घेतला होता. निघायच्या आदल्या दिवशी चाकं घासून धुतली तीही मीच.

तिथूनच फोन लावला. "शुभे, तुझी खुर्ची कुठंय?"

ती रडायलाच लागली. खुर्ची विमानातून उतरलीच नव्हती. विमान कंपनीनं एक अवजड खुर्ची दिली होती, दुसऱ्यानं ढकलल्याशिवाय न हलणारी, खोलीच्या दारातून आत न जाणारी. "काका, मी बाथरूमला फरशीवरून सरकत जाते. उद्या चारच्या आत विद्यापीठाच्या ऑफिसात स्वतः हजर झाले नाही तर जागा जाते. पुढच्या वर्षी या, म्हणतात. शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी नसते... मी परत येते."

वहिनीनं फोन हिसकावला. "परत बिरत यायचं न्हाय. खुर्ची निघालीया इथनं." एवढंच बोलली आणि ठेवला. मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं.

बुधवारी फोटो आला. शुभांगीच्या खोलीच्या दारात तिची खुर्ची. कुणी आणली, हॉस्टेलवर कुणालाच ठाऊक नाही. दोन्ही चाकांवर शेण – वाळलेलं, वर आमच्या अंगणातल्या भुशाच्या काड्या. तीच खुर्ची चालवत ती ऑफिसचा चढ चढून गेली आणि साडेतीनला सही केली.

आज ती तिथं शिकतेय. हॉस्टेलवरच्या पोरी तिला शेणाबद्दल विचारतात, ती म्हणते, "घरचं आहे."

आणि विमान कंपनी? तिचा ईमेल अजून दर महिन्याला येतो – 'आपल्या खुर्चीचा शोध सुरू आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर.' त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये ती आजही हरवलेलीच आहे!

मी कितीतरी लोकांना विचारलं. कुणी म्हणालं वहिनीची माया, कुणी म्हणालं सोनारीचा काळभैरव, आमच्या डेपोतला मेकॅनिक म्हणाला 'साहेब, तुम्ही रिटायर व्हा.' शेवटी शुभांगीच वैतागली. "काका, ती आली कशी हे चारशे वेळा विचारलंत. ती हरवली कशी, हे कुणाला विचारलंत का?"

विचारलं. विमान कंपनीला तीन पत्रं लिहिली, रोज फोन करतो. ती कशी आली याचं उत्तर माझ्याकडं नाही, आणि ते नसलं तरी मला झोप लागते. ती हरवली कशी याचं उत्तर मात्र कुणाकडं तरी नक्की आहे. तो फोन उचलत नाही.