ओयसाराची अर्धी भिंत

‘मंगळवार, ११ मार्च २०१४. ऊन चांगलं. पहाटे अंगण झाडून पाणी शिंपडलं. तीन भिंती वाळल्या. चौथी आज. संध्याकाळी जमीरा-अपा मला न्यायला येणार.’

एवढं लिहून ओयसारानं वही रजयांच्या थप्पीत सारली आणि डोक्याला रुमाल आवळून ती दिवाणखान्यात गेली.

लग्नाआधी ती जमीरा-अपाच्या रंगारी बायकांच्या टोळीत होती. उझबेकिस्तानातल्या अख्ख्या कोकंद शहरात तिच्या स्पंजाचं नाव होतं. फिक्या पिवळ्या रंगावर मधाच्या रंगाचे ठसे स्पंजानं उमटवताना दर वेळी मनगट जरासं वळवायचं, एकासारखा एक ठसा शेजारी पडू द्यायचा नाही, कोपऱ्यासाठी स्पंजाचा लहानसा तुकडा फाडून घ्यायचा. आणि एकदा भिंत धरली की सोडायची नाही. मधे थांबलं की कडा वाळते, जोड उमटतो, आणि मग सबंध भिंत पुन्हा करावी लागते.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. नवरा रशियात बांधकामावर. या दोन वर्षांत एकटीनं ती फक्त कोपऱ्यावरच्या रोटीवाल्यापर्यंत गेली होती. आता अपाला फरगान्यात एका लग्नाच्या हॉलचं काम मिळालं होतं आणि तिला ओयसारा हवी होती. सासूनं, मुबोरक-ओयींनी, शेजारणींच्या देखत कबूल केलं होतं, “नवरोजच्या सणासाठी आधी माझा दिवाणखाना कर, चारही भिंती. मग महिनाभर जा खुशाल.” दिलेला शब्द म्हातारी मोडत नसे.

दुपारी भिंत निम्म्यावर आली आणि फाटक वाजलं. मार्गिलानहून नवऱ्याची आत्या होसियत आणि तिच्याबरोबर सहा बायका, न कळवता.

“सूनबाई!” ओयींची हाक आली.

ओयसारानं हात धुतले, कमरेत वाकून सगळ्यांना सलाम केला आणि चहाची किटली घेऊन दाराशी बसली. पेल्यात दोन घोट ओतायचे, पाहुणीनं रिकामा पेला पुढे केला की पुन्हा दोन घोट. जितका थोडा चहा, तितका मान मोठा; काठोकाठ पेला म्हणजे ‘आता निघा’. सात जणी. पेले फिरत राहिले.

“नखात रंग गं हिच्या,” आत्याबाई म्हणाल्या. “मुबोरक, सून आणलीस की गवंडी?”

“दोन्ही एका खर्चात,” ओयी म्हणाल्या. बायका खदखदून हसल्या.

ओयसाराही हसली. उघड्या दारातून तिला भिंतीची कडा दिसत होती. ती काळपट होती तोवर ओली होती. आता वरून फिकी पडत चालली होती. अजून हातभर ओली असेल. अजून वीतभर. तिची नजर तिथं होती आणि हात ओतत होता.

“बघा हो!” आत्याबाईंनी पेला उचलला नाही. चहा काठोकाठ भरला होता. “उठा गं बायांनो. सूनबाईंनी वाट दाखवली.”

“चुकून झालं, आत्याबाई, अल्लाशपथ…”

“चुकून कसं, बाई? डोळे उघडे होते की तुझे.”

ओयींनी किती मनधरणी केली, पण पुलाव न खाताच पाहुण्या गेल्या.

ओयींनी आवाज चढवला नाही. संध्याकाळी जमीरा-अपा आली, तिला त्यांनीच आत नेलं. “बघ तूच. तीन झाल्या. मी चार म्हटल्या होत्या.”

अपानं भिंतीवरच्या जोडावरून बोट फिरवलं. “मधेच थांबलीस? ओयसारा, तू?”

ओयींसमोर काय सांगणार? ती खाली सांडलेले रंगाचे थेंब पुसू लागली.

“मला उद्या निघायचंय गं,” अपा म्हणाली. “तुझ्या जागी टोळीतल्या धाकट्या जुलफियाला नेते.”

फाटक लागल्यावर ओयी म्हणाल्या, “सूनबाई, आता त्या भिंतीची घाई नाही. सावकाश कर.”

ओयसारानं स्पंज पिळून खिळ्याला अडकवला, चूल पेटवली. जेवणं आटोपल्यावर वही काढली. पाहुण्यांचं लिहिलं नाही, अपाचंही नाही. लिहिलं ते इतकंच: ‘गाजरं संपली. उद्या दोन किलो आणायची.’