सुरीचं पाणी

मास्तरांच्या धुण्याच्या खोलीत सुरी सोडून सुरी करायचं सगळं सामान होतं.

छत्तीस वर्षं त्यांनी भूमिती शिकवली. पोरं त्यांना पाठीमागे कर्कटक म्हणायची, कारण ते टोचायचे आणि सगळ्यांपासून ठरावीक अंतर राखून असायचे. एका शब्दाचा एकच अर्थ, हा त्यांचा वर्गातला कायदा होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरच्या घरी सुऱ्या करायचं मनावर घेतलं. आधी भिंतीशी लाकडी बाक ठोकला. त्यावर लोखंड पकडून ठेवणारा व्हाइस बसवला, तर बाक हलायला लागला, म्हणून बाक मोडून पुन्हा केला. ऐरण म्हणून भंगारातून रुळाचा तुकडा आणला. उभं राहिल्यावर ऐरण मुठीच्या उंचीला यावी असं कळल्यावर मास्तर चार दिवस भिंतीला पाठ लावून, मुठी आवळून उभे राहात होते आणि त्यांची बायको पट्टीने माप घेत होती. माप रोज वेगळं येई. भट्टी रंगाच्या जुन्या डब्याची, आतून विटांचे तुकडे लावलेली. भात्याच्या जागी बायकोचा केस वाळवायचा ड्रायर. कानशी, सांडशी, हातोडे भिंतीवर टांगलेले, प्रत्येकामागे त्याची बाह्यरेषा आणि खाली नावाची चिठ्ठी. बादलीवरही ‘बादली’ अशी चिठ्ठी होती.

“बरं केलंत,” बायको म्हणाली. “नाही तर तिला कुठून कळलं असतं?”

असे सात महिने गेले. एका सोमवारी तिने विषय संपवला.

“अहो, रविवारी माझी बहीण येतेय. तोवर टोमॅटो न चेंगरता कापेल अशी एक सुरी दाखवा. नाही तर खोली मोकळी करा. माझं शिलाई मशीन पलंगाला खेटून उभं आहे, रोज गुडघा आपटतो.”

“कोणाचा?”

“तुमचाच. पण आवाज मला ऐकावा लागतो.”

खोली गेली तर रोज सगळा दिवस बैठकीत पेपर वाचत काढावा लागणार, हे मास्तरांना स्वच्छ दिसलं. त्यांनी ट्रकच्या चाकांवरच्या कमानीच्या पोलादी पाट्याचा तुकडा कापला, तापवला, ठोकला आणि मंगळवारी दुपारपर्यंत सुरीचा आकार आणला. तेवढ्यात सायकलवर सहाण बांधून फिरणारा धारवाला दारात आला. त्याने पातं उलटसुलट करून पाहिलं.

“आकार बरा आहे, मास्तर. आता पाणी नीट द्या. पाणी चुकलं की सुरी गेली.”

मास्तरांनी ते वहीत लिहून घेतलं. बुधवारी पाणी उकळून, गाळून, थंड करून बादलीत भरलं. लोहचुंबक चिकटेनासं होईपर्यंत पातं तापवलं आणि बुडवलं. टिंग असा बारीक आवाज आला. पात्याला मधोमध तडा गेला होता. गुरुवारी दुसरं पातं घडवलं आणि पाणी कोमट घेतलं. पुन्हा टिंग.

“आपल्या पाण्यात क्षार आहेत,” मास्तर जेवताना म्हणाले.

“मी त्यातच अडतीस वर्षं स्वयंपाक करतेय. तुम्हाला कुठे तडा गेला?”

शुक्रवारी मास्तरांनी धारवाल्याला बाजाराच्या कोपऱ्यावर गाठलं आणि तडे गेलेली दोन्ही पाती त्याच्यापुढे धरली.

“पाणी कुठलं घ्यायचं? विहिरीचं की नळाचं?”

धारवाल्याने सहाण थांबवली. “पाणी कशाला? तेल घ्या. हे कमानीचं पोलाद, पाण्यात फुटणारच.”

“तुम्ही म्हणालात, पाणी द्या.”

“मग? तेलातच द्यायचं पाणी.”

“तेलाला पाणी म्हणता?”

“तेलाला तेलच म्हणतो, मास्तर. बुडवण्याला पाणी म्हणतो. मग ओव्हनमध्ये गव्हाळ रंगावर शेकून घ्या.”

मास्तर दोन्ही पाती घेऊन घरी निघाले. आपण शाळेत असतो तर या माणसाला बाकावर उभं केलं असतं, एवढंच त्यांच्या मनात येत होतं.

शनिवारी त्यांनी तळणीचं उरलेलं तेल उंच डब्यात ओतलं आणि तिसरं पातं घडवून, तापवून त्यात बुडवलं. भक्कन ज्वाळा उठली. टिंग मात्र झालं नाही. घरभर तळणाचा वास सुटला, डावी भुवई अर्धी गेली. पातं दोन तास केकच्या ओव्हनमध्ये शेकलं. संध्याकाळी मूठ बसवून, धार लावून सुरी तयार झाली. टोकाशी ती किंचित डावीकडे वळली होती.

रविवारी बहीण आली. बायकोने टोमॅटो घेतला. मास्तर दाराशी उभे होते, मुठी ऐरणीच्या उंचीला. पहिली चकती निघाली, मग दुसरी. तिसरीतून पलीकडचं दिसत होतं.

“वाकडी आहे,” बायको म्हणाली.

“दीड अंश.”

“कापते मात्र.” तिने अख्खा टोमॅटो संपवला आणि दुसरा घेतला. बहीण सुरीकडे हात करून म्हणाली, “भावोजी, मला एक.”

“तुझी सरळ करतील,” बायको म्हणाली.

“म्हणजे खोली?” मास्तरांनी विचारलं.

“आता सुऱ्या काय माझ्या पलंगावर ठोकणार? मशीन त्याच खोलीत खिडकीशी आणून ठेवा. आणि माझा ड्रायर परत द्या.”

मशीन सरकवताना तिला तेलाचा डबा दिसला. त्यावर मास्तरांच्या वळणदार अक्षरात नवी चिठ्ठी होती, ‘पाणी’.

“अहो, यात तेल आहे.”

“माहीत आहे,” मास्तर म्हणाले. “चिठ्ठी काढू नकोस.”