आण्णांची बॉडी

माझे सासरे एकदा माझ्या इंग्रजीमुळे वारले. सध्या त्यांची तब्येत उत्तम आहे.

लग्न होऊन मी नेकनूरजवळच्या आमच्या गावात आले, तेव्हा इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली सून म्हणून माझं कोण कौतुक! लगेच गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. मुलांच्या मागे माझा एकच धोशा असायचा: नुसतं स्पेलिंग घोकू नका, शब्द रोजच्या वाक्यात बरोबर वापरा! (हा धोशा शाळेच्या फाटकातच सोडून घरी आले असते, तर पुढचं रामायण घडलं नसतं.)

ते साल दुष्काळाचं. जनावरं छावणीत, विहिरींचे तळ उघडे. गावात दूध सोसायटी होती. दूध नव्हतं, पण सोसायटी होती, आणि तिची निवडणूकही होती! सासऱ्यांनी, म्हणजे आण्णांनी, आपलं पॅनल उभं केलं आणि विरोधकांनी ऐनवेळी सगळे अर्ज मागे घेतले. आण्णा आणि त्यांची झाडून सगळी माणसं बिनविरोध! आता अशा वेळी आमच्याकडे ‘संचालक मंडळ निवडून आलं’ असं कुणी म्हणत नाही. म्हणतात, “आण्णांची बॉडी आली!”

आनंदाच्या भरात आण्णांनी अख्ख्या बॉडीला संध्याकाळी जेवायला बोलावलं. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, रांजणात डोकावून पाहिलं आणि मटकन खाली बसल्या.

“तांब्याभर पानी हाय गं! टँकरचा पत्ता न्हाई. एवढ्या मानसांना काय माती वाढू?” आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

मी म्हटलं, “दिंद्रुडच्या मामांना फोन करू?” मामा म्हणजे आत्याबाईंचे धाकटे भाऊ. त्यांचं किराणा दुकान, दुकानात फोन, आणि मुख्य म्हणजे विहिरीला अजून पाणी! मी धावत सोसायटीच्या ऑफिसात गेले. बाहेर हलगी कडाडत होती. एका कानात बोट घालून मी फोनवर ओरडले, “मामा! आण्णांची बॉडी आली!”

पलीकडून बारीक आवाज आला, “कवा?”

“आज सकाळी!”

“लई तरास झाला का गं?”

“त्रास झालाच! दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता त्यांचा. पण आज सगळं सुखात पार पडलं.”

“आक्का?”

“त्या तर रडायच्या थांबेनात!”

“बॉडी घरी आनली का?”

“नाही, अजून सोसायटीच्या ऑफिसात आहे. दर्शनाला गाव लोटलंय! संध्याकाळी घरी येईल. त्याआधी पोचा. येताना हार आणा, इथे फुलाची पाकळी मिळत नाही. आणि मामा, पाण्याचं तेवढं बघा हो!”

“मी हाय, सूनबाई,” मामा भरल्या गळ्यानं म्हणाले. “तू घर सांभाळ.”

(किती जीव लावतात एका निवडणुकीला, म्हणून मलाही भरून आलं!)

दुपार कलली. मिरवणुकीनं दमलेले आण्णा अंगणात खाटेवर आडवे झाले होते. कपाळभर गुलाल, गळ्यात कागदी फुलांचा हार, आणि माश्या फार म्हणून डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर. मी आत तांदूळ निवडत होते. तेवढ्यात दारात माणसांनी खच्चून भरलेली दिंद्रुडची जीप थांबली आणि असा हंबरडा फुटला की माझ्या हातातलं सूप उडालं!

“दाजीऽऽ! आक्काला कुनाच्या भरवशावर टाकून गेलाऽऽ!”

मामांनी खाटेचा पाय धरला. मामींनी चादर दूर सारून आण्णांच्या छातीवर अंग टाकलं. आण्णा ताडकन उठून बसले! मामी किंचाळून मागच्या म्हातारीच्या मांडीत पडल्या. आण्णांनी अर्धवट झोपेत सगळ्यांकडे पाहिलं. सगळे रडतायत म्हटल्यावर तेही गळा काढून रडायला लागले.

“कोन गेलं रं? सांगा की! कोन गेलं?”

“तुमी!” मामा हुंदका देऊन म्हणाले.

“मी?” आण्णांनी स्वतःची छाती चाचपली. “आन् मलाच कुनी बोललं न्हाई?”

मग सगळ्या माना सावकाश माझ्याकडे वळल्या.

“सूनबाई,” मामा म्हणाले, “तूच म्हनलीस ना, बॉडी येनार म्हनून?”

“येणारच आहे! ती बघा, आलीच!” गुलालानं माखलेली सगळी बॉडी नेमकी त्याच वेळी हसत हसत फाटकातून आत शिरत होती. “मामा, मी शब्द अगदी बरोबर वापरला होता!”

“बरोबर वापरला म्हनूनच जीप भरून आलो की! चुकीचा असता तर दुकानातच बसलो असतो!”

आत्याबाई भावावर तोंड सोडणार, तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. टेम्पो! त्यावर काठोकाठ भरलेली पाण्याची भली मोठी टाकी. मामांनी मान खाली घातली. “मातीला एवढी मानसं येनार... मागून आंघोळीला पानी कुठून आननार तुमी? म्हनून घिऊन आलो.”

आत्याबाईंनी टाकीवर हात ठेवला. “गारगार हाय गं!” आणि त्या खळखळून हसल्या. पाठोपाठ सगळी गल्ली घागरी, हंडे, कळश्या घेऊन धावली. रडायला आलेल्या बायकांनी पदर खोचून पुऱ्या लाटल्या. आण्णांनी दिंद्रुडचे हार मात्र गळ्यात घालून घेतले नाहीत. ते अख्ख्या बॉडीला वाटून टाकले. (बॉडीनंही ते जरा बिचकतच घेतले.) सगळ्यात मोठ्यानं रडलेली म्हातारी वाट्यांवर वाट्या शिरा रिचवून मला म्हणाली, “लई झ्याक झालं बघ सगळं. असंच बोलवीत जा!”

गावात मात्र बातमी वेगळीच पसरली: आण्णा चेअरमन झाले आणि त्याच दिवशी गल्लीत पाणी आणलं! माझ्या इंग्रजीचं नावसुद्धा कुणी घेतलं नाही, म्हणून मी थोडी खट्टू झाले. पण आठवड्याभरानं शेजारच्या चार बायका रिकाम्या घागरी घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यातली एक लाजत पुढं झाली.

“मास्तरीणबाई, आमच्या मामंजींचा बी एक फोन लावा की. त्यांचे पावने लई पानीवाले हायत!”

आजवर माझ्याकडे इंग्रजीच्या शिकवणीला एक पोर आलं नाही. सासरे घालवायला मात्र रांग लागली!